तुरुंग किती लांब? दहशतवादाचे संशयित आणि घरच्या बाया

(रत्नागिरी येथे महिला कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय कळल्यावर तुमच्यापैकी काहीजणींनी मला विचारलं, की तुरुंगाशी आपलं काय काम? आपण पोटगीचे अर्ज लिहितो, मारहाणीच्या तक्रारी घेऊन पोलीस ठाण्यात जातो, रेशनसाठी तहसीलदाराच्या दारात बसतो. दहशतवादाच्या आरोपींना कुठे ठेवायचं ते पोलीस आणि कोर्ट बघून घेतील. दुसऱ्या एकीने उलटा मुद्दा काढला. ती म्हणाली, "आपल्या गावातच तुरुंग आहे. उद्या अशी माणसं इथे आणून ठेवली, तर मारामारीच्या नाहीतर चोरीच्या केसमध्ये आत गेलेल्या आपल्या पोरांच्या डोक्यात ती काय भरवतील?"

दोन्ही प्रश्न मला महत्त्वाचे वाटतात. दुसरा प्रश्न भीतीतून आलेला आहे आणि ती भीती खोटी नाही. पण या प्रश्नाची चर्चा टीव्हीवर होते तेव्हा त्यात कैदी असतो, अधिकारी असतो, वकील असतो. तुरुंगाच्या दाराबाहेर पिशवी घेऊन उभी असलेली बाई कुठेच नसते. मी गेली काही वर्षं कच्च्या कैद्यांच्या घरच्यांबरोबर काम करते आहे आणि माझा संबंध मुख्यतः या बाईशी येतो. म्हणून आज तिच्या बाजूने हा प्रश्न मांडणार आहे.

माणसाला लांब नेऊन ठेवणं ही सत्तेची जुनी रीत आहे आणि रत्नागिरीने ती जवळून पाहिलेली आहे. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ साली मंडालेहून इथे आणून ठेवलं. त्याच्याबरोबर राणी आली, मुली आल्या. राजाशी इंग्रजांचं वैर होतं. पोरींनी कोणाचं काय केलं होतं? त्यांचं बालपण आणि तरुणपण इथे नजरकैदेत गेलं. १९१६ मध्ये राजा इथेच वारला. त्याच्या थोरल्या मुलीची मुलगी टू टू रत्नागिरीतच गरिबीत जगली. इथल्या अनेक जुन्या माणसांनी तिला पाहिलेलं आहे. आपण थिबा पॅलेस पाहुण्यांना हौसेने दाखवतो, पण एका माणसाला हद्दपार केलं की त्याची झळ तिसऱ्या पिढीतल्या बाईपर्यंत कशी पोचते, हे आपण सांगत नाही.

उलट्या दिशेनेही माणसं गेली. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना १९०८ मध्ये त्याच मंडालेला पाठवलं. ते तिथे असताना १९१२ मध्ये त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या. सावरकर बंधू अंदमानात होते. बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी १९१९ मध्ये नवऱ्याची भेट न होताच गेल्या. पुढे विनायकराव सावरकरांना १९२१ मध्ये अंदमानातून आणलं आणि रत्नागिरीच्या तुरुंगात ठेवलं. त्यांचं हिंदुत्वावरचं पुस्तक १९२३ साली, ते कैदेत असतानाच, टोपणनावाने प्रसिद्ध झालं. टिळकांचं गीतारहस्यही मंडालेच्या तुरुंगातच लिहिलेलं. मी इथे कोणाची कोणाशी तुलना करत नाही, आणि या माणसांना आजच्या बॉम्बस्फोटांच्या आरोपींच्या रांगेत बसवायचा माझा हेतू नाही. एवढंच लक्षात आणून द्यायचं आहे, की तुरुंगात माणूस विचार करायचा थांबत नाही. तिथे वेळ भरपूर असतो, राग असतो, आणि बाहेरच्या जगाशी ताळा घ्यायला कोणी नसतं. त्या अवस्थेत विचार कुठे वळेल, यावर सभोवतीच्या माणसांचा फार परिणाम होतो.

आता संशयितांना ठेवायचं कुठे? जगभर तीन-चार उपाय करून झालेले आहेत.

पहिला उपाय, सगळ्यांना एकत्र ठेवायचं. इराकमध्ये अमेरिकेच्या लष्कराने कॅम्प बुक्का नावाच्या तळावर हजारो लोकांना डांबलं. पुढे 'इस्लामिक स्टेट'चा म्होरक्या झालेला अल बगदादी २००४ साली तिथे होता. त्या छावणीत जहाल माणसं आणि रस्त्यावरून संशयाने उचललेली माणसं एकत्र राहिली, आणि तिथल्या ओळखींतून पुढे संघटना वाढली.

दुसरा उपाय, सर्वसाधारण कैद्यांत मिसळून टाकायचं. बंगळुरूच्या परप्पन अग्रहार तुरुंगात बॉम्बस्फोट प्रकरणातल्या एका कैद्याने, खुनाच्या आरोपाखाली आत आलेल्या तरुणांना आपल्या बाजूला ओढलं, असा राष्ट्रीय तपास यंत्रणेचा आरोप आहे. त्या तरुणांपैकी काहींना २०२३ मध्ये हत्यारांसह पकडलं. माझी मैत्रीण ज्या भीतीबद्दल बोलत होती ती हीच.

तिसरा उपाय, एकेकट्याला कोंडायचं. पॅरिसमध्ये २०१५ च्या जानेवारीत हल्ले करणाऱ्यांपैकी दोघांची ओळख फ्लरी-मेरोजी तुरुंगात झाली होती. त्यांना ज्याने शिकवलं तो माणूस एकांतवासातच होता, पण खिडकीतून बोलायचा. आणि एकांत म्हणजे सुरक्षितता असंही नाही. येरवड्याच्या अंडा सेलमध्ये २०१२ च्या जूनमध्ये जर्मन बेकरी प्रकरणाशी नाव जोडलेल्या एका कच्च्या कैद्याचा गळा आवळून खून झाला. तो गुन्हेगार होता की नव्हता, हे कोर्टात ठरायचं राहूनच गेलं.

चौथा उपाय, सगळ्यांना लांब लांब पांगवायचं. स्पेन सरकारने बास्क प्रांतातल्या 'एटा' या संघटनेच्या कैद्यांना १९८९ पासून देशभरच्या तुरुंगांत विखरून ठेवलं. एटाने आठशेहून अधिक माणसं मारली होती, हे विसरून चालणार नाही. पण पांगवण्याचा भार कोणी वाहिला? आया, बायका, बहिणी दर शनिवार-रविवारी शेकडो किलोमीटर गाडीने जायच्या. त्या प्रवासातल्या अपघातांत काही नातेवाईक दगावले. सर्व कैद्यांना घराजवळच्या तुरुंगांत आणायला २०२३ साल उजाडलं. आपल्याकडे २०१९ च्या ऑगस्टनंतर काश्मीरमधल्या स्थानबद्धांना आग्रा, बरेली, वाराणसीच्या तुरुंगांत पाठवलं. तिथेही हेच घडलं.

यांतला कोणताही उपाय सगळ्यांना सारखाच लावला, की तो फसतो. आणि आपल्याकडे लावताना तर एक मोठा घोटाळा होतो. ज्याचा गुन्हा शाबीत झाला आहे तो आणि ज्याच्यावर नुसता आळ आहे तो, यांच्यातला फरकच पुसला जातो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकड्यांनुसार देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांतले ७५.८ टक्के कच्चे कैदी होते. जागा होती ४,३६,२६६ जणांची. म्हणजे चारांतले तीन अजून दोषी ठरलेले नव्हते.

दहशतवादाच्या खटल्यांत ही अवस्था वर्षानुवर्षं चालते. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली आरोपपत्राशिवाय १८० दिवसांपर्यंत ठेवता येतं आणि नंतरही जामीन मिळणं फार कठीण. मुंबईच्या लोकल गाड्यांत ११ जुलै २००६ रोजी स्फोट झाले, १८० हून अधिक माणसं गेली. त्या खटल्यात १३ जणांवर आरोप होते. एक शिक्षक नऊ वर्षं तुरुंगात काढून २०१५ मध्ये निर्दोष सुटला. उरलेल्या १२ जणांना शिक्षा झाल्या, त्यांतल्या पाच जणांना फाशीची. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या सगळ्यांना निर्दोष ठरवलं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या निकालाचा आधार दुसऱ्या खटल्यांत घेता येणार नाही, पण सुटलेल्यांना परत आत पाठवायचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा सांगितलं. निर्दोष ठरलेल्या बारांपैकी एकजण मात्र २०२१ मध्येच नागपूरच्या तुरुंगात कोरोनाने वारला होता. त्याचं घर बिहारमध्ये. बिहारमधल्या त्याच्या बायकोला नागपूर किती लांब, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

आणि ज्या बायांची माणसं गाडीत गेली, त्यांच्या हाती तरी काय आलं? एकोणीस वर्षांनी त्यांना कळलं, की स्फोट कोणी केले हेच सिद्ध झालेलं नाही. या दोन्ही बायांना एकमेकींच्या विरोधात उभं करायचं राजकारण चालू असतं. आपण त्यात सामील होता कामा नये.

मी एका धर्माच्या बाजूने बोलते आहे असं कोणाला वाटेल, म्हणून हेही सांगते. मालेगावच्या २००८ च्या स्फोटात हिंदू आरोपी होते, त्यांच्यात एक बाई होती. कोठडीत आपला छळ झाला असं तिनेही सांगितलं. ३१ जुलै २०२५ ला त्या खटल्यातले सातही आरोपी निर्दोष सुटले. तिच्या राजकारणाशी आपलं मुळीच पटत नाही, पण कोठडीत कोणाही बाईचा छळ झाला तर आपण बोललंच पाहिजे. आणि मालेगावात ज्यांची माणसं मेली, त्यांनाही उत्तर मिळालेलं नाही.

आता मूळ भीतीकडे येते. तुरुंगात पोरगा बिघडतो तो कसा? भाषणं ऐकून लगेच कोणी बदलत नाही. पुढे निर्दोष सुटलेल्या एका तरुणाने मला जे सांगितलं, त्यातून मला हे समजलं. तो म्हणाला, "ताई, पहिल्या आठवड्यात माझ्याकडे साबण नव्हता. वकील आला नव्हता. घरून मनीऑर्डर नव्हती. बराकीत एका माणसाने साबण दिला, कँटीनमधून बिस्किटं दिली, कोर्टाचा अर्ज लिहून दिला. मग तो जे बोलायचा ते मी ऐकायचो. न ऐकून कसं चालेल?" असा साबण देणारा कधी टोळीचा भाई असतो, कधी धर्माच्या नावाने बोलणारा असतो. जिथे सरकारने आणि घराने पोचायला हवं होतं, तिथे तो आधी पोचलेला असतो. वकील न मिळणं, तारखेला कोर्टात न नेणं, वर्षानुवर्षं खटला उभा न राहणं, यातून त्याला आयता शिष्य मिळतो.

याच्या उलट काय घडतं तेही बघा. खाडीपट्ट्यातल्या एका गावची चाची, तिचा मुलगा घाटावरच्या एका तुरुंगात कच्चा कैदी. नवरा आखातात होता, आजारी होऊन परत आला. ही काजूच्या कारखान्यात मजुरीला जायची. मुलाला अटक झाल्यापासून गावात बोलावणं बंद, मुलीची ठरलेली सोयरीक मोडली. महिन्यातून एकदा रात्रीच्या एसटीने निघायची. सकाळी तुरुंगाच्या दाराशी नंबर लावायचा, आधार कार्ड दाखवायचं, झडती द्यायची, आणि जाळीपलीकडून वीस मिनिटं बोलायचं. कधी तिथे गेल्यावर कळायचं, की मुलाला दुसरीकडे हलवलं आहे. दोन दिवसांची मजुरी बुडाली, भाडं गेलं आणि भेट नाही.

मी तिला विचारलं, वीस मिनिटांत बोलता काय? ती म्हणाली, "काय बोलणार? या वर्षी पाऊस फार लागला, पडवीवर पत्रे घातले. बहिणीला बारावीला चांगले मार्क पडले. शेजारची म्हातारी रोज तुझं विचारते." ती त्याला उपदेश करत नाही. केसबद्दलही फारसं बोलत नाही. पण शेजारची म्हातारी, जी हिंदू आहे, ती रोज त्याची चौकशी करते, ही बातमी ती जाळीपलीकडे पोचवते. आत जो माणूस त्याला सांगत असतो की बाहेर सगळे तुझे वैरी आहेत, त्याला यापेक्षा चांगलं उत्तर कुठल्या अधिकाऱ्याच्या व्याख्यानात मिळेल असं मला वाटत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की संशयिताला कुठे ठेवायचं हे ठरवताना त्याचं घर किती लांब आहे हा पहिल्या काही प्रश्नांपैकी एक असला पाहिजे. हे दयेपोटी म्हणत नाही. समाजाच्या सुरक्षिततेचाच हा भाग आहे. केंद्रीय गृहमंत्रालयाने २०२५ मध्ये राज्यांना तुरुंगातल्या कट्टरतेबद्दल पत्र पाठवलं. त्यात कैद्याची आत येतानाच तपासणी, जहाल कैद्यांना वेगळं ठेवणं, त्यांच्यासाठी स्वतंत्र अतिसुरक्षित तुरुंगांचा विचार, या गोष्टी आहेत. पण घरच्यांशी संपर्क टिकवावा, असंही त्यात म्हटलेलं आहे. प्रश्न असा, की राज्यात एक-दोनच अतिसुरक्षित तुरुंग झाले, तर ते बहुतेक घरांपासून लांबच असणार. मग संपर्क टिकणार कसा? तळोजा तुरुंगातल्या एका ज्येष्ठ कच्च्या कैद्याला दिल्लीतल्या आपल्या माणसाशी फोनवर बोलू द्यावं म्हणून २०२२ मध्ये उच्च न्यायालयात जावं लागलं होतं. कागदावर संपर्काचं महत्त्व लिहायचं आणि फोनला नाही म्हणायचं, हे दोन्ही एकत्र चालणार नाही.

कायदा आपल्या बाजूने अगदीच नाही असं नाही. सुनील बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये सांगितलं, की नातेवाइकांच्या भेटी तुटतील अशा दूरच्या तुरुंगात कैद्याला हलवणं हा त्याच्या उरल्यासुरल्या स्वातंत्र्यावर घाला आहे, तो मनमानीने घालता येणार नाही. लोकल स्फोटांच्या खटल्यातल्या कच्च्या कैद्यांना २००८ मध्ये आर्थर रोड तुरुंगातून राज्यातल्या दुसऱ्या तुरुंगांत हलवलं, त्यावेळी त्यांना मारहाण झाली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१२ मध्ये न्यायालयाने म्हटलं, की कच्च्या कैद्याला एका तुरुंगातून दुसरीकडे न्यायचं तर ज्या कोर्टाने त्याला कोठडी दिली त्याची परवानगी हवी, आणि कोर्टाने त्याचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे. हा निकाल किती बायांना माहीत आहे? मला भेटलेल्या आयांपैकी एकीलाही माहीत नव्हता.

एका गोष्टीपासून मात्र सावध राहायला हवं. सरकारला घराचं महत्त्व कळतं तेव्हा ते लगेच आईकडे बोट दाखवतं. मुलगा बिघडला तर आईचं लक्ष नव्हतं, सुधारायचा तर आईने समजवायचं, आणि वर ती आपल्याला खबरही देईल अशी अपेक्षा. एका आईला मुलाखतीनंतर बाजूला बसवून, आत काय बोललात, कोणाची नावं घेतली, असं विचारलं जायचं. पुढच्या महिन्यात मुलानेच तिला सांगितलं, येऊ नकोस. आईला खबरी केलं की भेटीतला विश्वास संपतो, आणि ज्या कारणाने भेट उपयोगाची आहे तेच कारण संपतं. भेट हा तिचा आणि त्याचा हक्क आहे. ती सरकारची योजना नव्हे.

आणि बाया नेहमी शांततेच्याच बाजूने असतात असल्या भ्रमात मी नाही. आपल्या वस्त्यांत द्वेषाची भाषा बोलणाऱ्या बाया आहेत, सगळ्या धर्मांत आहेत. आयांनी मुलांना सूड घ्यायलाही शिकवलेलं आहे. म्हणून नुसती भेट पुरेशी नाही. त्या बाईभोवती आपण असलं पाहिजे. गावाने वाळीत टाकलेली आई जाळीपलीकडे काय घेऊन जाणार? पत्रे घालायला शेजारी आले नाहीत, बहिणीची सोयरीक मोडली, एवढंच. मग आतला तो माणूस खराच ठरतो.

आपल्या मागण्या काय असाव्यात, त्या मांडते. कच्च्या कैद्याला खटल्याच्या आणि घराच्या जितकं जवळ ठेवता येईल तितकं ठेवावं. लांब ठेवायचंच असेल तर कोर्टापुढे कारण द्यावं आणि ठरावीक मुदतीने त्याचा फेरविचार व्हावा. पहिल्यांदा आत आलेल्या तरुणांना मुरलेल्यांबरोबर एका बराकीत टाकू नये, आणि जे खरोखर इतरांना ओढतात त्यांना वेगळं ठेवावं. पण ते त्या माणसाच्या वागण्यावरून ठरावं, त्याच्या नावावरून किंवा कलमावरून नाही. अटकेनंतर लगेच वकील मिळावा. भेटीला येणाऱ्या गरीब बाईला प्रवासभाडं मिळावं. कैदी हलवला तर तिला आधी निरोप जावा. तिची झडती बाईनेच घ्यावी, आडोशाला घ्यावी. आणि निर्दोष सुटलेल्याला भरपाई मिळावी, कारण तोपर्यंत घर बहुधा बाईच्या मजुरीवर उभं असतं.

हे सगळं सरकारकडे मागायचं आहे. पण रत्नागिरीत उद्यापासून आपण स्वतः करू शकू अशाही काही गोष्टी आहेत. इथल्या विशेष कारागृहात भेटीला बाहेरगावहून बाया येतात. रात्री एसटी स्टँडवर बसून राहतात. त्यांना रात्रभर टेकायला एक खोली, अर्ज लिहून द्यायला एक कार्यकर्ती आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता, एवढं आपल्याला जमण्यासारखं आहे. तुरुंगाच्या नियमांत अशासकीय अभ्यागत नेमायची तरतूद आहे. आपल्यापैकी दोघी-तिघींनी त्यासाठी अर्ज करावा. आणि आपापल्या गावात असं एखादं घर असेल, तर तिथे जाऊन यावं. मुलगा दोषी आहे की नाही ते कोर्ट ठरवेल. त्याच्या आईशी बोलायचं की नाही, हे आपल्याला ठरवायचं आहे.

खोलीसाठी जागा कोणाच्या माहितीत असेल, तर बैठक संपल्यावर मला भेटा. यादी आजच करू या.